घरचा अभ्यास : बोटांच्या पेरांवर पृथ्वीचा इतिहास

आमच्या एका स्नेह्यांची कन्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकते. गेल्या महिन्यांत तोंडी परीक्षेहून ती रडवेल्या मुद्रेनें परतली आणि हा विषयच सोडून देण्याची भाषा करूं लागली. भूकालाचे बारा कल्प क्रमानें ध्यानांत राहावेत म्हणून तिनें आद्याक्षरांवर रचलेलें एक इंग्रजी वाक्य पाठ केलें होतें. वाक्य आठवलें, परंतु कॅम्ब्रियन, कार्बोनिफेरस व क्रिटेशस या तिहींचें इंग्रजी आद्याक्षर एकच, आणि पर्मियन व पॅलिओजीन यांचेंही एकच. कोणतें कोठें बसवावें याचा ऐन वेळीं गोंधळ उडाला. मुलगी मंद नव्हती; साधन तोकडें होतें.

पाठांतराची थट्टा करण्याची हल्लीं रीत आहे. परंतु छंदःशास्त्रांतील आठ गण एका सूत्रांत बसविणाऱ्या पूर्वसूरींना घोकंपट्टीस आधार कसा द्यावा हें ठाऊक होतें. तिला आम्हीं सांगितलेली युक्ति त्याच जातीची आहे.

चार बोटांचीं पेरें बारा आणि कल्पही बाराच. जप मोजतांना फिरवितात तसा अंगठा पेरांवरून फिरवावा. करंगळीच्या मूळपेरापासून आरंभ करून प्रत्येक बोटावर खालून वर जावें. कारण उलथापालथ झाली नसेल तर खडकांचे थरही जुने खालीं व नवे वर असेच असतात. करंगळीवर कॅ-ऑ-सि, अनामिकेवर डे-का-प, मध्यमेवर ट्रा-जु-क्रि, तर्जनीवर पॅ-नि-क्वा. देवनागरींत स्वर व्यंजनास जोडूनच येत असल्यामुळें कॅ, का, क्रि व क्वा यांची गल्लत होत नाहीं.

आतां नांवांचा अर्थ पाहावा. कॅम्ब्रिया हें वेल्सचें लॅटिन नांव. ऑर्डोव्हिसीज व सिल्युरीज या तेथील प्राचीन जमाती. म्हणजे ऑर्डोव्हिशियन व सिल्युरियन धरून सारी करंगळी वेल्सची झाली. अनामिकेवर इंग्लंडांतील डेव्हन परगण्याचा डेव्होनियन, कोळसा धारण करणारा कार्बोनिफेरस आणि रशियांतील पर्मचा पर्मियन. येथें सावध असावें : आपल्या वर्धा खोऱ्यांतील दगडी कोळसा पर्मियन कालाचा आहे! मध्यमेवर तीन थरांचा ट्रायासिक, जुरा पर्वताचा जुरासिक, आणि खडूच्या लॅटिन नांवावरून क्रिटेशस. तर्जनीवर पॅलिओजीन, निओजीन व क्वाटर्नरी.

पहिलीं दोन बोटें हा पुराजीव महाकल्प. त्याचा आरंभ सुमारें ५३.९ कोटी वर्षांपूर्वींचा. मध्यमा म्हणजे मध्यजीव, २५.२ कोटींपासून, तर्जनी म्हणजे नवजीव, ६.६ कोटींपासून. पेरें मात्र सारखीं, काल सारखे नव्हेत. क्रिटेशस सुमारें ८ कोटी वर्षांचा, तर क्वाटर्नरी अवघा २६ लाखांचा. शिवाय पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी. त्यांतील ८८ टक्के काल या बोटांवर येतच नाहीं. तो तळहात समजावा.

मध्यमेचें टोंक सोडून अंगठा तर्जनीच्या मुळाशीं येतो, त्या संधीच्या सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरत होते. सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. हें ऐकतांच ती मुलगी थबकली आणि आमच्या स्वयंपाकघरांतील काळ्या पाट्याकडे बराच वेळ पाहत राहिली. परीक्षा पुन्हां व्हावयाची आहे. विषय मात्र तिनें सोडला नाहीं.