उच्च गणिताचे शिक्षण आणि आपली दुसरी पिढी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम गेल्या खेपेस आपण नेहमीप्रमाणे सुटीच्या शुक्रवारी घेतला. वंदना झाली, भाषणे झाली, आणि भोजनाच्या वेळी दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या आपल्यातल्याच एका मुलीला आम्ही सहज विचारले, ‘बी.एस्सी. आता संपत आले. पुढे काय? कॉम्प्युटर की एम.बी.ए.?’ मुलगी म्हणाली, ‘काका, मला गणितातच एम.एस्सी. करायचे आहे, आणि जमले तर पुढे संशोधन.’ पंगतीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका वहिनींनी विचारले, ‘म्हणजे शिक्षिका होणार का?’ आणि आम्ही स्वतः, उपदेश करण्याची सवय असल्यामुळे, तिला दहा मिनिटे समजावून सांगितले की गणित चांगले आहे म्हणूनच तिने दुसरे काही तरी करावे.

त्या दहा मिनिटांची आम्हाला आज लाज वाटते. हा लेख त्या लाजेपोटी लिहिला आहे.

कतारमधील आपली बहुतेक कुटुंबे यंत्रे, नळ, वीज, बांधकाम आणि हिशेब यांवर उभी आहेत. आम्ही स्वतः शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन निघालो आणि रास लफानच्या वायुप्रकल्पात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. पदविकेच्या त्या कागदाने आम्हाला गावकुसाबाहेरच्या घरातून येथवर आणले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आपल्या घरात गणित म्हणजे अभियांत्रिकीच्या दाराशी द्यावयाचे प्रवेशशुल्क, अशी समजूत रुजली. दार उघडले की गणिताचे काम संपले. बारावीला शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले म्हणून पेढे वाटणारे आई-बाप, तीच मुलगी ‘मला हेच पुढे शिकू द्या’ म्हणाली की कपाळाला आठ्या घालतात. या विसंगतीकडे आपण कधी नीट पाहिलेच नाही.

चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविलेला बाबासाहेबांच्या शाळेतील प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. शिक्षकांनी बाल भीमरावास उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला केले. हा प्रसंग आपण प्रत्येक जयंतीला सांगतो, आणि सांगताना आपले लक्ष नेहमी डब्यांकडे असते. ते योग्यच आहे. परंतु त्या मुलाला फळ्यापाशी कशासाठी बोलाविले होते, हेही एकदा पाहावे. तो उदाहरण सोडविण्यासाठी निघाला होता. डबे हलले, गोंधळ झाला, पण फळ्यावरचे ते उदाहरण पुढे कोणी सोडवायचे?

एम.एस्सी.ला शिकवितात ते गणित म्हणजे नेमके काय, याची आमच्यासारख्या पदविकाधारकास कल्पना नव्हती. आम्ही समजत होतो की अभियांत्रिकीत होते तेच, फक्त अधिक लांब आणि अधिक किचकट. त्या मुलीने आमची ही समजूत एका संध्याकाळी दूर केली. तिने विचारले, ‘काका, सलग वक्र म्हणजे हात न उचलता काढता येणारी रेषा. अशा रेषेला एखाद्या तरी बिंदूपाशी स्पर्शिका काढता येईलच ना?’ आम्ही म्हणालो, ‘अर्थात. टोके सोडली तर सगळीकडेच.’ त्यावर तिने सांगितले की जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी १८७२ साली असे एक फल मांडून दाखविले, जे सर्वत्र सलग आहे पण ज्याला एकाही बिंदूपाशी स्पर्शिका नाही. तीस वर्षे आम्ही कॅलक्युलसची सूत्रे वापरली. ती सूत्रे कोणत्या अटींवर उभी आहेत हे आम्हाला कोणी विचारले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. पदव्युत्तर गणितात हाच प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जातो. रिअल अॅनालिसिस, अल्जिब्रा, टोपॉलॉजी ही नावे कोणतीही असोत, तेथे उत्तर काढण्यापेक्षा उत्तर का खरे आहे हे सिद्ध करण्याला किंमत असते. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेली मुलेही पहिल्या सत्रात कोलमडतात ती यामुळेच. पाठांतर आणि सराव यांची शिदोरी तेथे पुरत नाही.

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण मुलांना शिकवितो: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. प्रत्यक्ष जीवनात हा उपदेश पाळणे फार अवघड आहे. मात्र ज्ञानाचे एक क्षेत्र असे आहे की जेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीनेही प्रमाण मागितले तर सर्वांत वयोवृद्ध प्राध्यापकास ते द्यावेच लागते. (येथे एक सूचना करावीशी वाटते. आपल्या काही लेखांतून नागार्जुनांची शून्यता आणि गणितातील शून्य यांची ओढूनताणून सांगड घातली जाते. तसे करण्याचे कारण नाही. बौद्ध असण्याचा आणि गणिती असण्याचा संबंध दाखवावयाचाच असेल तर तो प्रमाण मागण्याच्या या सवयीत आहे, तेवढा पुरे.)

राहतो त्या देशाकडेही थोडे पाहावे. येथील पाट्यांवर जे अरबी आकडे दिसतात त्यांना अरब स्वतः ‘अरक़ाम हिंदिया’ म्हणजे हिंदी आकडे म्हणतात. भारतातली दशमान पद्धती घेऊन नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी यांनी ग्रंथ लिहिले, आणि त्यांच्या ग्रंथनामातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द युरोपात गेला. विद्या अशी समुद्र ओलांडून फिरते. परंतु ज्या देशातून ते आकडे निघाले त्या देशात आपल्या पूर्वजांना ते गिरविण्याची मनाई होती, ही गोष्ट त्या पाट्या पाहताना आमच्या मनातून जात नाही.

आपल्या वाचकांना दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव इतिहासकार म्हणून परिचित आहे. पाली आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे ते चिरंजीव. जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. पण त्यांचा व्यवसाय गणिताचा होता. हार्वर्डहून १९२९ साली पदवी घेऊन ते परतले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले, आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते. प्राचीन नाण्यांची वजने घेऊन त्यांवर संख्याशास्त्र चालविणारा हा मनुष्य. त्याच्या इतिहासलेखनाची धार गणिताच्या शिस्तीतून आली असे आम्हाला वाटते. ते जन्माने आपल्यातले नव्हते, घरात विद्या होती, वडील हार्वर्डला ग्रंथसंपादनाच्या कामासाठी गेले होते. तशी पार्श्वभूमी नसताना काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडे वळावे लागेल.

एल्बर्ट कॉक्स हे गणितात पीएच.डी. मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. वर्ष १९२५, विद्यापीठ कॉर्नेल. त्यांच्यानंतरच्या पिढीतले डेव्हिड ब्लॅकवेल. १९४१ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेत त्यांची निवड झाली, तेव्हा शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठात व्याख्यानांना बसण्यास त्यांना वर्णामुळे मज्जाव झाला. पुढे अनेक वर्षे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकविले, १९५४ साली ते बर्कलेस गेले, आणि १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज राव-ब्लॅकवेल सिद्धान्त शिकावा लागतो. त्यातले राव म्हणजे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सी. आर. राव. ज्याला व्याख्यानाच्या दारात अडविले त्याचे नाव सिद्धान्तालाच चिकटले. आता ते कोण पुसणार?

बाबासाहेबांची दृष्टी या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ पुढची होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी सरकारपुढे जे निवेदन ठेवले त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशास्त्र यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासह, शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ सालापासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि आपल्यापैकी किती तरी जण वसतिगृहात त्याच शिष्यवृत्तीची वाट पाहत खानावळीचे बिल थकवीत शिकले. त्यांनी स्वतः कोलंबियात आणि लंडनमध्ये चाकरीपुरती विद्या घेतली नाही. १९२३ सालची त्यांची डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील संशोधनासाठी होती. त्या काळी बॅरिस्टरी एवढ्यावर भागले असते.

परंतु आई-बापांची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे. पहिली भीती पोटाची. येथील आपले वास्तव्य नोकरीशी बांधलेले. नोकरी गेली की परवाना गेला. मुलांनी लवकर कमावते व्हावे असे वाटणे यात लोभ नाही. आणि महाराष्ट्रात परत जाऊन पाहिले तर नेट, सेट उत्तीर्ण झालेली मुले महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत आहेत. गणिताची पदवी घेतली म्हणजे नोकरी हात जोडून उभी राहील, असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. विमागणित, संख्याशास्त्र, संगणकीय सुरक्षा अशा वाटा आहेत, पण त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते.

दुसरी भीती कोणी मोठ्याने बोलत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. तोही पीएच.डी.साठी संशोधन करीत होता. त्या दिवसापासून ‘संशोधनसंस्था’ हा शब्द उच्चारला की आपल्या आयांच्या पोटात गोळा येतो. उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव प्राध्यापकपदे इतकी रिकामी होती की २०२१ मध्ये केंद्र सरकारला ती भरण्यासाठी विशेष मोहिमेचे आदेश काढावे लागले. ज्या विभागात आपल्यातला एकही प्राध्यापक नाही तेथे मुलीला एकटी पाठवावयाची, हा विचार सोपा नाही. आम्हाला यावर तयार उत्तर सापडलेले नाही. एवढेच सुचते की ती रिकामी पदे भरण्यासाठी आधी कोणी तरी एम.एस्सी. आणि पीएच.डी. व्हावे लागेल, आणि तोवर तिला दर आठवड्याला फोन करणारी माणसे असावी लागतील.

पैशाचा प्रश्न मात्र आपण समजतो तेवढा मोठा नाही, आणि येथे आमच्या अज्ञानाने आम्हाला फसविले होते. अभियांत्रिकीच्या खाजगी महाविद्यालयास आपण जे शुल्क विनातक्रार भरतो, त्याच्या मानाने सरकारी संस्थांतील एम.एस्सी. फारच स्वस्त आहे. आय.आय.टी.तील प्रवेशासाठी ‘जॅम’ ही एकच सामाईक परीक्षा असते. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली स्थापन केलेले राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोहोंसाठी शिष्यवृत्त्या देते. संशोधनास लागल्यावर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. एम.टी.टी.एस. नावाचे उन्हाळी शिबिर १९९३ पासून पदवीच्या मुलांना सिद्धता लिहावयास शिकविते. त्याची माहिती आपल्या एकाही घरात नव्हती. आणि येथे दोह्यात, एज्युकेशन सिटीमध्ये, कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे सभासदत्व रहिवासी परवाना असलेल्या कोणासही मिळते. आपण तेथे मुलांना घेऊन जातो, वातानुकूलित जागेत छायाचित्रे काढतो आणि परततो. सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाची शाखा २०२१ साली याच शहरात उघडली. तिची सुरुवात पदवीच्या अभ्यासक्रमांनी झाली. तेथे गणिताचा पदव्युत्तर वर्ग निघावा असा अर्ज महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांनी मिळून करण्यासारखा आहे.

त्या मुलीने फेब्रुवारीत जॅम दिली आणि ती उत्तीर्ण झाली. प्रवेशाची यादी अद्याप लागावयाची आहे. तिचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘भाऊ, मी नाही म्हणत नाही. पण धाकटा बारावीला आहे, घराचे कर्ज आहे. दोन वर्षे ती काही कमावणार नाही, त्याचे काय?’ प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले. पाच कुटुंबांनी मिळून, अधिछात्रवृत्ती सुरू होईपर्यंत, वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्च बिनव्याजी उसना देण्याचे ठरविले आहे. मुलीने परतफेडीची अट स्वतः घातली. आम्ही ती नको म्हणत होतो. याखेरीज उन्हाळ्यात ती येथे असेपर्यंत दर शुक्रवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात नववीपासून पुढच्या मुलांना गणित शिकविणार आहे. त्यासाठी एक फळा आणला आहे. भिंत भाड्याची असल्यामुळे खिळे मारता येत नाहीत, म्हणून तो खुर्चीवर टेकवून ठेवला आहे. सहावे कुटुंब पुढे आले तर उत्तमच. मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे नाव द्यावे. जमाखर्च पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापण्यात येईल.