मशीन आलं, पण हाताखाली उजेड कुठंय?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. शिंपी, सुतार, लोहार धरून १८ प्रकारच्या कारागिरांना अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. चर्चा होते ती मशीनची. उजेडाचं कुणी बोलत नाही.

ओसरीत शिलाई मशीन, पडवीत कटर, आणि वर आढ्याला एकच बल्ब. तोही पाठीमागं. मग कारागिराचीच सावली कामावर पडते. सुईखाली नजर चुकली तर कापड जातं, पात्याजवळ चुकली तर बोट.

उपाय खर्चिक नाही. ९ वॅटचा एलईडी रोज चार तास जाळला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट. वाकत्या दांडीचा दिवा मशीनजवळ बसवावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यानं तो डावीकडून घ्यावा.

फक्त हलक्या दिव्यापासून जपावं. आपली वीज ५० हर्ट्झची. असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून बघावा. पडद्यावर काळे पट्टे सरकले, तर तो दिवा फिरत्या मशीनवर नको.

मशीनचा हिशेब मांडताना दिव्याचे पैसेही त्यातच धरले पाहिजेत. बोट गेल्यावर कुठलीच योजना ते परत देत नाही.