शुद्ध हरपली तेव्हा दोष कुणाचा?

जानेवारी २०१८. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातलं कॅल्गरी शहर. कडाक्याच्या थंडीत २६ वर्षांचा एक तरुण पार्टीतून विवस्त्र धावत सुटला आणि एका घरात घुसला. घरात एक प्राध्यापिका एकटीच होती. झाडूच्या तुटक्या दांड्याने त्याने तिला मारायला सुरुवात केली. चेहरा वाचवायला तिने हात पुढे केले. त्या हातांची हाडं मोडली, कायमचं अपंगत्व आलं. बाथरूममध्ये कोंडून घेतलं म्हणून ती वाचली. तरुण मग दुसऱ्या घरात शिरला आणि तिथे पोलिसांच्या हाती लागला.

त्याने दारू प्यायली होती आणि मॅजिक मशरूम खाल्ले होते. आधीचा एकही गुन्हा त्याच्या नावावर नव्हता, मानसिक आजाराचा इतिहास नव्हता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२२ रोजी, ‘ब्राउन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, एकमताने त्याची निर्दोष सुटका पुन्हा बहाल केली. लगेच हाकाटी सुरू झाली की नशा करून बाईवर हात टाकला तरी आता कॅनडात माफ. ही समजूत चुकीची होती. पण तिच्यामागचा संताप खोटा नव्हता, आणि त्या संतापाला कॅनडाच्या संसदेने दिलेलं उत्तर आजही अपुरं आहे.

फौजदारी कायद्याला गुन्ह्यासाठी दोन गोष्टी लागतात: कृत्य आणि त्यामागचं दोषी मन. त्याच्याही आधी ते कृत्य स्वतःच्या ताब्यातलं असावं लागतं. १९८७ मध्ये ओंटारियोत एक माणूस झोपेतच गाडी चालवत २३ किलोमीटर गेला आणि त्याने सासूला ठार केलं. तोही सुटला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका उचलून धरली, कारण हात त्याचे असले तरी ते चालवणारं भान जागं नव्हतं. पण झोपण्यात कुणाचा अपराध नसतो. नशेचं तसं नाही. पेला स्वतः उचललेला असतो.

याच पेचावर १९९४ चा डाव्हियो खटला उभा राहिला. क्वेबेकमधल्या एका वृद्ध मद्यपीवर व्हीलचेअरवर असलेल्या ६५ वर्षांच्या महिलेवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप होता. पराकोटीच्या नशेत शुद्धच नव्हती, असा बचाव घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मान्य केलं. देशभर संताप उसळला. वर्षभरात संसदेने दंडसंहितेत कलम ३३.१ घातलं आणि स्वेच्छेने नशा करून हिंसा करणाऱ्यांसाठी हा दरवाजा बंद केला. ब्राउन खटल्यात तेच कलम घटनाबाह्य ठरलं.

न्यायमूर्ती निकोलस कासिरर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा साधा आहे. नशा करणं आणि मारहाण करणं हे दोन वेगळे दोष आहेत. जुनं कलम पहिला सिद्ध झाला की दुसराही झाला असं धरून चालत होतं. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा अनपेक्षित परिणाम झालेला माणूसही त्यात सापडू शकत होता. त्याच दिवशी निकाली निघालेल्या दुसऱ्या एका खटल्यातल्या आरोपीने तर आत्महत्येच्या प्रयत्नात औषधाच्या गोळ्या जास्त घेतल्या होत्या आणि त्या अवस्थेत आईला भोसकलं होतं. अशाला आणि मौजेखातर बेभान होणाऱ्याला एकाच मापाने मोजणं न्यायाचं नव्हतं. न्यायालय इथे बरोबर होतं.

शिवाय हा दरवाजा फार अरुंद आहे. शुद्ध पूर्ण हरपली होती हे आरोपीलाच, तज्ज्ञाच्या साक्षीसह सिद्ध करावं लागतं. नुसती दारू त्याला क्वचितच पुरते. ‘फार झाली होती, काही आठवत नाही’ असं सांगून मारहाणीच्या किंवा बलात्काराच्या आरोपातून कॅनडात कुणी सुटत नाही.

भारतातला कायदा इथे अधिक कठोर आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं २३ आणि २४ सांगतात, की नशा नकळत किंवा मर्जीविरुद्ध दिली गेली असेल तरच भान हरपल्याचा पूर्ण बचाव मिळेल. एरवी शुद्धीतल्या माणसाला असती तेवढी जाणीव आरोपीला होती असंच धरलं जातं. १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नाच्या जेवणावेळी जागेवरून उठला नाही म्हणून एका निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गोळी घातली होती. तो प्यायलेला होता, पण चालत-बोलत होता. खुनाची शिक्षा कायम राहिली. शुद्ध पूर्णच हरपली असती तर? आपला कायदा तिथेही जाणीव गृहीत धरतो. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेला असं गृहीतक चालत नाही.

निकालानंतर कॅनडाच्या संसदेने १७ जून २०२२ रोजी विधेयक आणलं आणि २३ जूनला ते कायदा झालं. संसदीय समितीने सखोल अभ्यास केला तो मंजुरीनंतर. नव्या कलमानुसार नशा करताना कमालीचा निष्काळजीपणा केला असेल तर मूळ गुन्ह्यासाठीच शिक्षा होते. पण त्यासाठी शुद्ध हरपण्याचा आणि त्यातून कुणाला इजा होण्याचा धोका समंजस माणसाला आधी दिसला असता का, हे पाहावं लागतं, आणि हा निष्काळजीपणा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची. मशरूम खाऊन माणूस हिंसक होणं विरळाच, असं बचावाचा तज्ज्ञ सांगेल आणि खटला तिथेच अडेल. त्या प्राध्यापिकेसारख्या स्त्रीच्या पदरी पुन्हा काहीच पडणार नाही.

न्यायालयाने दुसरीही वाट दाखवली होती: धोकादायक नशेचा स्वतंत्र गुन्हा. संसदेने घाईत ती सोडली. असा गुन्हा म्हणजे नशेबाजांना शिक्षेत सवलत, हा त्यावरचा आक्षेप गंभीर आहे. त्याचं उत्तर शिक्षेच्या तरतुदीत देता येईल. नशेतून जी इजा घडली तिच्या प्रमाणात शिक्षा वाढावी, जिवावर बेतलं तर ती दीर्घ कारावासापर्यंत जावी. आरोपीने हिंसा ‘निवडली’ असं भासवण्याची मग गरज उरणार नाही, आणि जखमी बाईला ‘गुन्हा घडलाच नाही’ असं ऐकावं लागणार नाही. कॅनडाच्या संसदेने २०२२ चं कलम पुन्हा हाती घ्यावं आणि या वेळी समितीचं काम मतदानाच्या आधी करावं.