ऐकणाराचा कान

दूर बसलेल्या माणसास ऐकूं यावें म्हणून जो कांहीं म्हणतो वा वाजवितो, त्यानें केवळ आपल्या कानावर विश्वास ठेवूं नये. ही गोष्ट आम्हांस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं घरच्या एका लग्नानें शिकविली. हल्लीं घरोघरीं कार्यांचें थेट प्रक्षेपण होतें, आणि आमच्यासारखीच चूक इतरांच्याहि हातून घडत असावी, म्हणून ती येथें सांगतों.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या थोरल्या पुतण्याच्या मुलीचें लग्न अमरावतीस झालें. आमची वडील बहीण अक्का अकोल्यास जठारपेठेंत असते. पाय मोडल्यामुळें शंभर किलोमीटरांचा प्रवास तिला मना होता. परंतु घरच्या रिवाजाप्रमाणें मंगलाष्टकें तिनेंच रचिलीं होतीं, आणि तीं म्हणणार होत्या आमच्या दोन नाती. अक्कास घरबसल्या सर्व दिसावें, ऐकूं यावें, एवढ्यासाठींच प्रक्षेपणाचा घाट घातला होता. संगीताचें काम नातवाकडे होतें. दोन फिरत्या चकत्या आणि मध्यें सरकत्या पट्ट्या असलेला डीजे कंट्रोलर त्यानें लॅपटॉपास जोडला होता.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि अक्काच्या सुनेचा फोन आला. "मामा, गाणें लागलें कीं घर दणाणतें, आवाज कमी करावा तों पुढचें गाणें ऐकूं येत नाहीं. आणि मंगलाष्टकें तर मुळींच ऐकूं आलीं नाहींत. सासूबाई नुसत्या पडद्याकडे पाहत बसल्या होत्या."

नातवास विचारलें, तर तो म्हणाला, "आजोबा, इथें तर सगळें नीट ऐकूं येत होतें!" त्याचें म्हणणें खरें होतें, आणि चुकीचें मूळहि तेथेंच होतें.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत एक अल्पकंठ, म्हणजे ज्याचा आवाज पोहोंचत नाहीं तो. आमच्या नाती अल्पकंठ नाहींत. त्यांचा कंठ यंत्राच्या जोडणीनें अल्प केला. रात्रीं नातवानें व आम्हीं बसून शोध केला, तेव्हां दोन कारणें सांपडलीं.

पहिलें कारण मायक्रोफोनचें. कित्येक लहान कंट्रोलरांत मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपांत जातच नाहीं; बाहेर ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या आवाजांत तो यंत्रांतच मिसळतो. नातवानें प्रक्षेपणासाठीं लॅपटॉपाच्या आंतला आवाज घेतला होता. त्यांत गाणीं होतीं, नाती नव्हत्या. उपाय असा कीं, कंट्रोलराच्या बाहेर पडणारा मिश्र आवाज एका लहान ऑडिओ इंटरफेसमधून प्रक्षेपणास द्यावा, आणि आंतला आवाज तेथें बंद ठेवावा. नाहीं तर प्रत्येक गाणें दोनदां ऐकूं येतें. मात्र या मार्गांत मुख्य आवाजाची कळ फिरविली कीं प्रक्षेपणाचा आवाजहि बदलतो. म्हणून ती एकदां ठरविल्यावर हलवूं नये; कार्यालयांतला आवाज ध्वनिक्षेपकावरच कमीजास्त करावा.

दुसरें कारण गाण्यांचें. जुन्या तबकड्यांवरून घेतलेलीं गाणीं मंद असतात, नवीं मुळांतच जोरानें भरलेलीं असतात. प्रत्येक मार्गिकेच्या माथ्यावर 'गेन' किंवा 'ट्रिम' नांवाची कळ असते. पातळी तेथें जुळवावी, खालच्या पट्टीनें नव्हे. गाण्याचा सर्वांत मोठा भाग लावून हिरवे दिवे संपून पिवळा उजळूं लागे इतकीच कळ फिरवावी. तांबडा दिवा लागला म्हणजे आवाजाचीं टोकें छाटलीं गेलीं, आणि छाटलेलें पुढें कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. सेराटो, रेकॉर्डबॉक्स यांसारख्या प्रणालींत गाण्यांची पातळी आपोआप जुळविण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी.

यानंतर प्रक्षेपणाच्या प्रणालीकडे वळावें. ओबीएसमध्यें मोजपट्टी उणें २० डेसिबलांवर पिवळी होते व उणें ९ वर तांबडी. बोलणें पिवळ्यांत खेळावें. तेथेंच काँप्रेसर नांवाचा चाळक आहे. तीनास एक असें प्रमाण ठेविलें, तर ठरविलेल्या मर्यादेवर तीन डेसिबल चढलेला आवाज एकच डेसिबल चढतो. त्यामागें लिमिटर लावावा, तो अखेरचा बांध. परंतु मूळ पातळी बिघडलेली असतां हे दोन्ही उपाय वरवरचे होत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभरच असावा; मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो.

सर्वांत मोठा उपाय मात्र यंत्राचा नव्हे, माणसाचा. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. आकाशवाणीवर गाणारा एका खोलींत आणि आवाज सांभाळणारा कांचेपलीकडे दुसऱ्या खोलींत, हें उगीच नव्हतें. श्रोत्यास जें पोहोंचतें तेंच त्यानें ऐकावें, हा हेतु. घरच्या कार्यांतहि एकानें दाराबाहेर, कानांत हेडफोन घालून, मोबाइलवर आपलेंच प्रक्षेपण ऐकावें आणि कार्य सुरू होण्यापूर्वीं दूरच्या माणसास एकदां विचारावें.

तिसऱ्या दिवशीं सत्यनारायण होता. पूजेपूर्वीं नातवानें वरील सर्व जुळणी केली, धाकटा पुतण्या मोबाइल घेऊन अंगणांत उभा राहिला, आणि नातींनीं मंगलाष्टकें पुन्हां म्हटलीं. संपतांच अक्काचा फोन आला. आम्हांस वाटलें, ती गहिंवरली असेल.

"भाऊ," ती म्हणाली, "तिसऱ्या अष्टकाच्या दुसऱ्या चरणांत पोरींनीं एक अक्षर जास्त घातलें. शार्दूलविक्रीडितास एकोणीसच अक्षरें. इतकीं वर्षें मास्तरकी केलीस, त्यांना शिकविलें नाहींस?"

आम्हीं चूक कबूल केली. आवाज अकोल्यास पोहोंचला होता.