सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे!

थंडीत गच्चीवरची मेथी खुडताना आपण अभिमानाने सांगतो, "घरची, सेंद्रिय." पण खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचलीत? 'बोनमील' म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा. कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या आपण हाडं कुंडीत घालायची?

कडुनिंबाचं तेलही सेंद्रियच, पण मावा मरतोच. "गृहस्थाला थोडी हिंसा टळत नाही," हे खरं. ती आरंभी हिंसा. मारायच्याच हेतूने फवारणं मात्र संकल्पी. मावा दिसला तर शेंडा खुडून झुडपात अलगद ठेवा.

माघात भेंडी-गवारीच्या कुंड्या भरायच्यात ना? मग आत्ता गळलेली पानं जाळू नका, साठवा. पानांचं खत आणि शेणखत पुरतं. पीक थोडं कमी आलं तरी चालेल!