रिले तोडायला माणूस हवा

पहाटे पाच पंचावन्नला आकाशवाणीची संकेतधून वाजते. ती वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. हिटलरमुळे युरोप सोडून हा संगीतकार मुंबईला आला आणि आकाशवाणीत लागला, ही गोष्ट रेडिओप्रेमींना तोंडपाठ असते. पण धून वाजण्याआधी गावाबाहेरच्या माळावर कोण कोण उठून कामाला लागलेलं असतं, हे सहसा कुणी विचारत नाही. साहजिक आहे. उद्घोषकाला आवाज असतो, ट्रान्समीटरवाल्यांना नसतो. मी ट्रान्समीटरवाली. नोकरीची सगळी वर्षं आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागात काढली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहिते.

मीडियम वेव्हचा मनोरा पाहिलाय कधी जवळून? लोकांना वाटतं, वर कुठेतरी अँटेना बसवलेली असेल. तसं नसतं. तो अख्खा मनोराच अँटेना असतो. सगळा भार चिनी मातीच्या एका जाडजूड इन्सुलेटरवर, आणि हात लावाल तर तिथेच संपाल. पायथ्यापासून चारी दिशांना जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. त्या शाबूत असतील तरच लहर लांब जाते. म्हणून गवत कापायचं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि रात्री कुंपणाकडे बॅटरी मारून बघायचं, कारण तांब्याचा भाव चोरांना आपल्याआधी कळतो. मनोऱ्यावरचे लाल दिवे विमानांसाठी असतात. एक दिवा गेला तरी नोंद करायची आणि वर चढणारा माणूस शोधायचा.

जुने व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर एकदम चालू करता येत नसत. आधी फिलामेंट तापवायचं, थांबायचं, मग हाय टेन्शन द्यायचं. म्हणून धून पाच पंचावन्नला असली तरी आमचा दिवस पाचच्या आधीच सुरू व्हायचा. नवीन सेटमध्ये ती कटकट नाही. एखादं मॉड्यूल उडालं तर पॉवर उतरते, पण केंद्र बोलत राहतं. ही सुधारणा खरी आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. तासातासाला मीटर वाचून लॉगबुकात आकडे भरण्यात मला काही रोमँटिक वाटत नाही.

पण यंत्राला न कळणारं पुष्कळ असतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी आमचा सेट सारखा ट्रिप होत होता. चालू केला की काही क्षणांत बंद. वीज ठीक, जनरेटर ठीक, मीटर सांगत होते की पाठवलेली पॉवर अँटेनाकडून उलटी परत येतेय. मनोऱ्याच्या पायथ्याशी ट्यूनिंगची छोटी खोली असते, बिघाड तिथेच असणार. आमचे हेल्पर मामा दारातच थांबले, नाकाने हुंगलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पाल.’’ सेट बंद करून, अर्थिंगचा दांडा लावून आत गेलो, तर कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये खरोखरच जळून कोळसा झालेली पाल. ती काढली, जागा पुसली, सेट लागला. मामांनी नोंदीत ‘पाल’ लिहू नका म्हणून सांगितलं, वरच्यांना थट्टा वाटते म्हणे. मी लिहिलं. तीनशे किलोमीटरवर बसून पडद्यावर आमचा ट्रान्समीटर बघणाऱ्याला ‘रिफ्लेक्टेड पॉवर जास्त’ एवढंच दिसलं असतं, आणि ते तर आम्हालाही दिसत होतं.

गावातल्या स्टुडिओत वेगळीच घाई. ड्यूटी रूममध्ये प्रसारण अधिकारी क्यू शीट घेऊन बसलेला. ‘दिल्ली आली का?’ हा दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येणारा प्रश्न. दिल्ली म्हणजे उपग्रहावरून येणारं बातमीपत्र. ठोक्याच्या आत उद्घोषकाने आपलं गाणं सावकाश खाली आणायचं आणि दिल्ली वर घ्यायची. अर्धा मिनिट आधी बातम्या संपल्या तर हाताशी फिलर हवा, बासरी नाहीतर सतार. दिल्ली आलीच नाही तर ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’. ऐकणाऱ्याला कशाचा पत्ता लागत नाही, आणि लागू नये यासाठीच तर सगळा खटाटोप.

आता मुद्द्यावर येते. गेल्या काही वर्षांत छोट्या केंद्रांचं स्थानिक प्रसारण आटत चाललंय. नोकरभरती वर्षानुवर्षं रखडलेली, निवृत्त झालेल्याची खुर्ची रिकामी, नैमित्तिक उद्घोषकांना महिन्याला मोजक्या ड्यूट्या. मग उरलेला वेळ मोठ्या केंद्राचा रिले, म्हणजे तिथला कार्यक्रम जसाच्या तसा पुढे सोडायचा. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला होता. पुण्यात वर्तमानपत्रं आहेत, पुढारी आहेत, बोलणारी माणसं आहेत. ओरड झाली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. छोट्या केंद्राची एक सभा, म्हणजे प्रसारणाचं एक सत्र, गेली तर ओरडणार कोण?

रिलेला माझा विरोध नाही. रात्री अकराला भावगीतं मुंबईहून आली काय आणि गावातून लागली काय, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की रिले तोडण्याचा अधिकार असलेला एक माणूस प्रत्येक केंद्रावर, प्रसारणाच्या प्रत्येक तासाला हजर हवा.

का, ते सांगलीकराला विचारा. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे 39 आणि 43. कोयनेतून विसर्ग वाढवला की नदीकाठच्या माणसाला एवढंच हवं असतं: आत्ता किती फूट, कुठला रस्ता बंद, जनावरं कुठे न्यायची. हे मुंबईहून सांगता येत नाही. एका जिल्ह्यात (नाव घेत नाही) नातेवाइकांकडे असताना मी पुराच्या रात्री रेडिओ लावला. खाली गल्लीत पाणी, वीज गेलेली, आणि रेडिओवर अळिंबी लागवडीवरचं ध्वनिमुद्रित भाषण. भाषण चांगलं होतं. ते थांबवायला केंद्रावर कुणी नव्हतं.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर इशारा येतो. येतो. 2023 मध्ये चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवत असेल. पण वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांची सोबती. शिवाय तो इशारा ‘धोका आहे’ म्हणतो आणि गप्प होतो. पुढे काय करायचं, ते सांगायला बोलणारं माणूस लागतं.

पैसा नाही असंही नाही. 2023 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी 2,539.61 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा देशाच्या 59 टक्के भूभागावर पोचणारं आकाशवाणीचं एफएम 66 टक्क्यांवर न्यायचं, हा तिचा एक हेतू. एफएम हवंच, आवाज स्वच्छ येतो. पण एफएमची लहर सरळ रेषेत धावते, डोंगर आडवा आला की मागे सावली पडते, आणि सह्याद्रीत डोंगरांना काय तोटा! मीडियम वेव्ह जमिनीला धरून सरपटत जाते, खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन निघालेल्याला वादळाची सूचना द्यायची तर याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. तरी जुना झाला की मीडियम वेव्हचा सेट बंदच करायचा, असा कल दिसतो. निदान किनारपट्टीवर आणि घाटात तरी हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

योजनेतल्या पैशातून यंत्रं येतील. पगार मात्र वेगळ्या खात्यातला असतो, त्यामुळे नवा ट्रान्समीटर बसवलेला आणि त्याच्यापाशी बसायला कुणी नाही, असं सहज होऊ शकतं. पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाची बैठक होते. पाटबंधारे, पोलीस, महावितरण, आरोग्य, सगळे येतात. त्या बैठकीला आकाशवाणीच्या ड्यूटी अधिकाऱ्यालाही बोलवावं, त्याचा फोन नंबर नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावा, आणि रात्री दोनला तहसीलदाराने फोन केला तर वरची परवानगी न मागता पाच मिनिटांत माइक उघडायची मुभा त्याला लेखी द्यावी. नैमित्तिक उद्घोषक गावातलेच असतात, पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या ड्यूट्या वाढवल्या तर रात्रीचा प्रश्न सुटतो. आणि जनरेटरच्या टाकीत डिझेल किती आहे, ते जून उजाडण्याआधी कुणीतरी दांडी घालून बघावं. कागदावर ती टाकी नेहमीच भरलेली असते.