‘गुणाची पोर’ म्हणण्याआधी

मुलगी शांत आहे, कुणाला त्रास देत नाही, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. मुलगा चारचौघांत बोलत नसेल, तर घरात काळजी सुरू होते. मुलगी बोलत नसेल, तर तिला ‘वळण’ आहे असे म्हणतात. या वळणाशी आपण अनेक अंगांनी भांडलो. पण त्याच्याआड कितीतरी स्वमग्न मुली दडून राहतात, याची चर्चा आपल्यातही क्वचितच होते.

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, तो आजार नव्हे. संवाद साधण्याची, आवाज-स्पर्श-वास झेलण्याची आणि बदल पचवण्याची ती जन्मापासूनची वेगळी रीत आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यांत मुली तीनच होत्या. पुढे चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण रूढ झाले. २०१७ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघाले. शिवाय मुलींचे निदान राहून जाण्याचा धोका अधिक आहे, हेही दिसले.

असे का होते? गडहिंग्लज परिसरात काम करताना मला याचे उत्तर रोज दिसते. मुलगी शेजारणीचे बघून हसते, तिचे बघून वही काढते, मधल्या सुट्टीत घोळक्याच्या कडेला उभी राहते. बाईंना वाटते, लई गुणाची पोर! दिवसभर हे सोंग वठवून ती घरी येते आणि घट्ट वेण्या, टोचणारी कॉलर, घंटेचा आवाज हे सगळे रडण्या-ओरडण्यातून बाहेर पडते. मग बोल लागतो आईला : ‘तूच लाडावून ठेवलीयस!’

आपल्या या सीमाभागाला तर हे लवकर उमजायला हवे. मुलीच्या केसांत जट झाली की ती यल्लमाची हाक मानून मुलगी देवीला सोडायची, ही इथली रूढी. तिच्याविरुद्ध १९७५ साली गडहिंग्लजलाच देवदासींची परिषद झाली आणि महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदाही केला. प्रत्येक जट स्वमग्नतेमुळे होते असे मी म्हणत नाही. पण फणीचा स्पर्शच सहन न होणे हा अनेक स्वमग्न मुलींचा अनुभव आहे. पूर्वी अशा जटेत देवी दिसली, आज फणी नाकारण्यात हट्ट दिसतो. मुलीला काय होते, हे तिला विचारायचे मात्र तेव्हाही राहिले आणि आजही राहते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. मान्यताप्राप्त शाळेने मुलीच्या गरजेनुसार सोय करणे ही मेहेरबानी नाही, कायद्याने घातलेले बंधन आहे. आणि या सोयींना पैसा फारसा लागत नाही. दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावावे. बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. सूचना एका वेळी एकच द्यावी. गोंगाट असह्य झाला तर बसायला एक शांत कोपरा असावा. घरीही सैल वेणी, मऊ कापड, बाजारात नेण्याआधी पूर्वकल्पना, एवढ्याने खूप फरक पडतो. पाळीबद्दल तर ती येण्याआधीच, चित्रे दाखवून, कापड किंवा पॅड हाताळायला देऊन सांगावे. तपासणीसाठी कोल्हापूरला जायचे तर एकट्या आईचीच मजुरी का बुडावी? वडिलांनीही जावे.

मैत्रिणींनो, सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. ‘मोठ्यांचे ऐकावे’ हे स्वमग्न मुलगी शब्दशः घेते. अंगाला हात लावणारा मोठा माणूसही मग तिच्या लेखी ‘ऐकण्याचा’ ठरतो. नकोसा मुका, नकोसा स्पर्श तिने झिडकारला, तर पाहुण्यांपुढे तिला रागावू नका. तिच्या तोंडी ‘नाही’ यावे म्हणून शिकवा, आणि ते आले की माना. शब्द नसतील तर खुणेने येऊ द्या. निदान व्हायला वर्षे लागतील; तिचे ‘नाही’ ऐकायला मात्र कुठल्याच दाखल्याची गरज नाही.